आधी गाव, मग माणूस: जुना मित्र खान्देशात कसा सापडतो

जुना वर्गमित्र शोधायचा म्हटलं की हल्ली प्रत्येक जण आधी मोबाइल काढतो आणि फेसबुकवर नाव टाकतो. खान्देशात ही वाट फार लांब जात नाही. 'पाटील' लिहिलं की चेहऱ्यांची रांग लागते. त्यातला आपला कोणता, हे पंचेचाळीस-पन्नास वर्षांनी फोटोवरून कळत नाही. 'चौधरी' इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. 'महाजन' आणि 'सोनवणे' तर गावोगावी आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या जुन्या वर्गांची माणसं एकमेकांना गाठून देण्याचं काम आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि शाळांतले लिपिक करत आलो आहोत. शोध कोणत्या क्रमाने लागतो आणि कुठे अडतो, ते इथे लिहीत आहोत.

पाटील हे मुळात आडनाव नव्हे, वतनाची पदवी. मराठा, लेवा, गुजर अशा अनेक समाजांत ती आहे. एका वर्गात आठ-दहा पाटील असायचे आणि मास्तर त्यांना गावाच्या नावाने हाका मारायचे. मास्तरांची तीच रीत शोधालाही लागू पडते. त्यात शाळेत 'पाटील' असलेल्या कित्येकांनी पुढे कॉलेजात किंवा नोकरीत भोळे, कोल्हे, नेमाडे अशी मूळ आडनावं लावली. म्हणजे शाळेच्या रजिस्टरातलं आडनाव आज त्या माणसाच्या दारावरच्या पाटीवर असेलच असं नाही. गाव मात्र बदलत नाही. खान्देशात परक्या माणसाला पहिला प्रश्न 'कोना पोऱ्या शे तू?' असाच येतो. त्याचं उत्तर वडिलांचं नाव आणि गाव मिळून होतं.

म्हणून सुरुवात कागद-पेनाने करा. मित्राचं नाव, वडिलांचं नाव, गाव, मामाचं गाव, भावंडांची नावं, तो कोणाबरोबर सायकलने यायचा, बोर्डिंगात होता की खोली करून, आणि वर्गात शेजारी कोण बसायचं. वडिलांचं नाव बहुतेकांना आठवतं, कारण हजेरी पूर्ण नावाने व्हायची. मामाचं गाव आठवत नाही, पण आठवलं तर फार उपयोगी पडतं, कारण मूळ गाव सोडलेली कुटुंबं पुष्कळदा मामाच्या गावाला जाऊन राहिलेली असतात. एका बैठकीत सगळं आठवत नाही. कागद आठवडाभर डोळ्यांसमोर ठेवा, दिवसाला एक-दोन गोष्टी वर येत राहतात. जुनी डायरी असेल तर तीही काढा. तिच्यातला लँडलाइन नंबर बंद पडलेला असला तरी त्याचा कोड शहर सांगतो: ०२५७ जळगाव, ०२५६२ धुळे, ०२५८२ भुसावळ.

निरोप समारंभाचा ग्रुप फोटो सापडला तर उत्तम. त्या काळी फोटोखालच्या पुठ्ठ्यावर 'बसलेले, डावीकडून' अशी नावं लिहिलेली असत. फोटो फ्रेमबाहेर काढून उजेडात सरळ वरून टिपा. काचेतून काढला की चकाकी येते आणि नेमकी नावांची ओळ जाते.

पुढचं ठिकाण शाळा. जाताना स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला घ्या, कारण त्यावर तुमचा जनरल रजिस्टर नंबर असतो. आठवीला तुम्ही आणि मित्र एकाच जूनमध्ये दाखल झाला असाल, तर त्याचा नंबर तुमच्या आसपास सापडतो. हा नंबर सांगितला की लिपिकाला पाच मिनिटांत पान मिळतं. नंबर नसेल तर 'बहात्तर-त्र्याहत्तरचं रजिस्टर बघा ना' एवढ्यावर कोणी कपाट उघडत नाही, आणि त्यात लिपिकाची चूक नाही. जून प्रवेशाच्या गर्दीचा, निकालाचे दिवस त्याहून वाईट. ऑगस्टमधली किंवा जानेवारीतली दुपार बरी. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या, सोबत आधार कार्डाची प्रत जोडा.

रजिस्टरात जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि शेरा असतो. जन्मतारखेवर विसंबू नका. खेड्यातल्या मुलांच्या नावापुढे मास्तरांनी सर्रास १ जून लिहिलेला आहे, त्यामुळे दोन माणसांची तारीख जुळली तरी माणूस एकच ठरत नाही. शेऱ्याचा रकाना सावकाश वाचायला हवा. दुय्यम दाखला नेल्याची नोंद तिथे असते. अलीकडच्या वर्षांत जात पडताळणीसाठी मुलं-नातवंडं वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा रजिस्टर उतारा न्यायला येतात, तेव्हा शाळेत त्यांचा अर्ज आणि पत्ता राहतो. हरवलेल्या माणसाचा ताजा धागा असा नातवाच्या अर्जात सापडू शकतो.

पण तो पत्ता लिपिकाकडून मागू नका, आणि त्याने दिला तरी घेऊ नका. शाळेने तो त्रयस्थाला देणं बरोबर नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तरी वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. स्वतःचं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी लिपिकाकडे द्या आणि 'एवढी त्यांना पोचवाल का?' असं विचारा. या विनंतीला सहसा नाही म्हणत नाहीत.

साल सांगताना एक गडबड हमखास होते. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची, दोन्ही परीक्षा झाल्या. 'पंचाहत्तरची बॅच' म्हटलं की दोन वेगळे वर्ग समोर येतात, म्हणून वर्षासोबत इयत्ताही सांगा. कॉलेजच्या नोंदी शोधताना हे लक्षात ठेवा की जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी अमळनेरचं प्रताप कॉलेज काय किंवा जळगाव-धुळ्याची इतर कॉलेजं काय, सगळी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती.

जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत. १९६० पूर्वी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर 'पूर्व खान्देश' किंवा 'पश्चिम खान्देश' असतं. शहादा, तळोदा, नवापूर इथल्या जुन्या कागदांवर 'जि. धुळे' दिसतं, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. सरकारी संकेतस्थळावर त्या गावाला धुळ्याखाली शोधत बसलात तर ते दिसत नाही आणि माणसाला वाटतं गावच नाही. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद आहे.

काही गावं मात्र खरोखरच राहिली नाहीत. उकाईच्या जलाशयात नवापूर भागातली गावं गेली. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं बाधित झाली आणि पुष्कळ कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत आली. वसावे, पाडवी, वळवी अशी आडनावं शोधताना जुनं गाव सांगून वसाहतीत विचारा. वसाहतीचं सरकारी नाव काहीही असो, माणसं एकमेकांना अजून जुन्या गावाने आणि पाड्यानेच ओळखतात.

गाव निश्चित झालं की शक्यतो प्रत्यक्ष जा. पारावर पोचून मित्राचं पूर्ण नाव विचारलंत तर माना हलतात, कारण गावात त्याला त्या नावाने कोणी ओळखतच नाही. तिथे तो आबा, बापू, नाना, आप्पा, भाऊसाहेब यांपैकी काहीतरी असतो, आणि बापू तर गल्लीत चार असतात. वडिलांच्या नावाने विचारा, गल्ली सांगा, भावाचं नाव सांगा. कोतवाल, पोलीस पाटील, पोस्टमन, जुना पिठाच्या गिरणीवाला यांना तीन पिढ्या पाठ असतात. जाणं जमत नसेल तर पोस्टकार्ड टाका. पत्त्यात वडिलांचं नाव, गल्ली, तालुका आणि पिन कोड हवा. पन्नास पैशांच्या कार्डाने जेवढी माणसं सापडली आहेत, तेवढी महागड्या शोधाने नाही. कार्ड उघडं असतं, तेव्हा कोणीही वाचलं तरी चालेल एवढंच त्यात लिहा.

कधी जायचं, हे खान्देशात सण ठरवतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष संपतं आणि नवं ठरतं. दुसऱ्या गावी सालाने राहिलेला मित्र त्या दोन दिवसांत स्वतःच्या घरी सापडतो, एरवी तो मालकाच्या शेतात असतो. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे भाऊबंदांच्या सणाला, पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंद मूळ घरी येतात. तेव्हा घर गडबडीत असतं, म्हणून लांबण लावू नका. नंबर घ्या, द्या आणि निघा. दिवाळीच्या पुढे-मागे कापसाची वेचणी जोरात असते, दिवसा घरी कोणी भेटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, साठी उलटलेल्यांनी त्या उन्हात गावं पालथी घालू नयेत. आखाजीला निघालात तरी सकाळी दहाच्या आत पोचा. निवृत्त नोकरदार, विशेषतः भुसावळचे रेल्वेवाले, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. रेल्वेवाल्याचा शोध त्याच्या खात्यातून चांगला लागतो. लोको, गार्ड, वर्कशॉप, तिकीट तपासनीस यांपैकी काय होता एवढं कळलं की त्याच खात्यातला कोणी निवृत्त माणूस पुढचं सांगतो.

मैत्रिणींचा शोध सगळ्यात अवघड. त्या पिढीतल्या मुली पुष्कळदा सातवीलाच शाळा सोडायच्या, म्हणून दहावीच्या यादीत त्यांचं नाव नसतं. लग्नात आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं, आणि सासरी ती अमक्याची आई म्हणून ओळखली जाते. मतदार यादीत तिच्यापुढे नवऱ्याचं नाव असतं आणि तेच आपल्याला माहीत नसतं. म्हणून वाट माहेरूनच काढावी लागते. भाऊ, भावजय, भाचा यांपैकी कोणीतरी मूळ घरात असतंच. माहेरचं घर बंद असेल तर दोन प्रकारचे कागद फार उपयोगाचे. एक, जुन्या लग्नपत्रिका. आपल्याकडच्या पत्रिकेत मामा, काका, जावई यांची गावांसकट लांब यादी असते. दुसरा, उत्तरकार्य-गंधमुक्तीच्या पत्रिका. वडिलांच्या पत्रिकेत मुली आणि जावई नावानिशी येतात. समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकाही चाळा. नातवंडांच्या नोंदीत मूळ गाव आणि मामाचं कुळ दिलेलं असतं, त्यावरून घर जुळतं.

शेतीचा कागद हा आणखी एक मार्ग. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून पहिल्या किंवा मधल्या नावाने सातबारा बघता येतो. वडील गेल्यावर वारस नोंदीचा फेरफार होतो आणि त्यात मुलींची नावं सासरच्या आडनावाने येतात. पुढे बहिणींनी हक्कसोड केलं तर सातबाऱ्यावरून नाव जातं, फेरफारात मात्र राहतं. तलाठ्याकडे किंवा गावात हा विषय काढताना आधीच सांगा की जमिनीशी आपला संबंध नाही. कोणी अनोळखी माणूस बहिणीचं नाव आणि सातबारा एका दमात विचारू लागला की भावांच्या मनात शंका येते, आणि ती गैर नाही.

गाव सोडून गेलेले कुठे जातात, याला ठरावीक दिशा आहेत. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरत, तिथे उधना, लिंबायत, डिंडोली. पुण्याकडे भोसरी-चिंचवड. नाशिकला सातपूर, अंबड, सिडको. मुंबईकडे कल्याण-डोंबिवली. या सगळ्या ठिकाणी खान्देशातली माणसं एकमेकांना धरून राहतात, आणि कानबाईचा उत्सव करणाऱ्या मंडळात एका गावाचा एक माणूस भेटला की बाकीचे कळतात. मतदार यादी ऑनलाइन शोधता येते, नाव, नात्यातल्याचं नाव आणि अंदाजे वय टाकून. जळगावात ११, धुळ्यात ५, नंदुरबारात ४ विधानसभा मतदारसंघ आहेत. तालुका आणि मतदारसंघ एकच नसतो, शेजारचाही बघा. सुरतेला गेलेल्याची यादी गुजरातीत असते हे विसरू नका.

माणूस सापडला की लगेच फोन लावण्याचा मोह होतो. तो आवरा. तुम्ही महिनाभर त्याच्या आठवणीत आहात, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तो फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेतात असेल, दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसलेला असेल. आणि हल्ली 'ओळखलं का?' असा फोन आला की फसवणूकच वाटते, कारण तसे फोन खरंच येतात. आधी निरोप पाठवा, मधल्या माणसाकरवी किंवा लिहून. आम्ही साधारण असा मजकूर देतो: 'नमस्कार. मी अमुक, गाव अमुक. १९७३ साली आठवी ब मध्ये आपण एका बाकावर बसायचो. तुमची आठवण येते, बोलावंसं वाटतं. पैशाचा, विम्याचा, स्थळाचा किंवा मताचा कोणताही विषय नाही. जमेल तेव्हा या नंबरवर संध्याकाळी साडेसात ते नऊ फोन करा. नाही जमलं तरी मनात काही ठेवणार नाही.' यातलं 'विषय नाही' हे वाक्य गाळू नका. निवडणूक, विमा, साखळी योजना आणि लग्नाची स्थळं, या चार कामांसाठी जुन्या ओळखी उकरल्या जातात हे सगळ्यांनी सोसलेलं आहे. मैत्रिणीला निरोप असेल तर तो तिच्या भावजयीकडून किंवा मुलीकडून जावा, आणि निरोप देणारी बाई असली तर अधिक बरं. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदाच आठवण द्या. त्यानंतर थांबा. न बोलण्याची कारणं माणसाजवळ असतात, ती विचारायचा हक्क जुन्या मैत्रीने मिळत नाही.

आता हा निरोप तुम्हालाच आला तर? खात्री करून घ्यायला संकोचू नका. गावचं नाव, शाळेचं नाव कोणालाही कळू शकतं. शेजारी कोण बसायचं, कोणत्या सरांना कोणतं टोपणनाव होतं, सहलीला कोण आजारी पडलं, असं विचारा. खरा मित्र या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते. पहिल्या फोनमध्ये पैसे, ओटीपी किंवा लिंक यांचा विषय निघाला तर फोन ठेवा.

पहिला फोन वीस मिनिटांपुरता ठेवलेला बरा. कमी ऐकू येतं, आवाज फुटतो, आणि रडूही येतं. मुलं किती, नोकरी काय केली, घर बांधलं का, या प्रश्नांना सावकाश या. ज्याची मुलं विचारत नाहीत किंवा ज्याची शेती गेली, त्याला पहिल्याच दमात हिशेब द्यावा लागतो. शाळेपासून सुरू करा. 'अरे-तुरे' आपोआप येतं. नाही आलं आणि समोरून 'तुम्ही' आलं, तर काही दिवस 'तुम्ही'च ठेवा. बोलीचा मात्र लगेच फरक पडतो. पुण्यात चाळीस वर्षं प्रमाण मराठी बोललेला माणूस अहिराणीतलं पहिलं वाक्य ऐकताच मोकळा होतो.

पहिली भेट दोघांचीच असावी, फार तर जोडीदारांसह. पंचवीस जणांचं भरीत-कळण्याच्या भाकरीचं जेवण शेतात ठेवण्याची घाई इथेच नडते. तिथे हशा होतो, फोटो निघतात आणि ज्या एका माणसासाठी एवढं केलं, त्याच्याशी दोन वाक्यं होत नाहीत. ते जेवण नंतर, हिवाळ्यात जरूर करा. माणशी अर्धा किलो वांगी धरा, भाजून सोलल्यावर ती पुष्कळ कमी भरतात. पहिल्या भेटीला मात्र घर, दुपारी चारची वेळ आणि दीड-दोन तास पुरेत. जाताना तो फोटो न्या, मोठा करून छापलेला, कारण मोबाइलच्या पडद्यावर या वयात चेहरे दिसत नाहीत. मधुमेह आहे का ते विचारल्याशिवाय पेढे नेऊ नका. दोघंही फोटोतल्या एकेकावर बोट ठेवत जातात आणि गप्पांना धागा मिळतो. जुनं भांडण, राहिलेले पैसे, न पोचलेलं पत्र, हे असेल तर बहुधा निघताना दारात निघतं. म्हणून परतीची गाडी अगदी लागून ठेवू नका.

कधी दारात गेल्यावर भिंतीवर हार घातलेला फोटो दिसतो. गावात आधी विचारलेलं असलं तरी हे घडतं, कारण सांगणाऱ्याच्या तोंडून शब्द निघत नाही. अशा वेळी मागे फिरू नका. बसा, पाणी घ्या, आणि तो शाळेत कसा होता ते सांगा. त्याच्या बायकोने, मुलांनी त्याला मुलगा म्हणून कधी पाहिलेलं नसतं. तो कबड्डीत कसा होता, गणितात कोणाची वही घ्यायचा, डब्यात काय आणायचा, हे त्या घरात सांगू शकणारे आता तुम्हीच असता. ग्रुप फोटोची एक प्रत तिथे ठेवून या. आम्ही म्हणून निघताना नेहमी दोन प्रती घ्यायला सांगतो.

आणि मित्र भेटला, बोलणं झालं, की उठायच्या आधी एक काम करा. दोघांनी एकमेकांच्या मुलाचा, सुनेचा किंवा लेकीचा, म्हणजे ज्याच्याजवळ राहतो त्याचा नंबर लिहून घ्या, आणि त्या घरातल्यांना आपलं नाव-गाव समजावून सांगा. सत्तरीत मोबाइल हरवतात, रिचार्ज संपतात, माणूस गावाहून मुलाकडे हलतो आणि पुन्हा माग तुटतो. नंबर मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही. जाड पेनाने कागदावर लिहा, खाली 'शाळेतला मित्र' आणि गावाचं नाव घाला, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरात काही कमी-जास्त झालं तर कोणाकोणाला कळवायचं हे बघायला मुलं तेच दार उघडतात.